धुराड्याची दोन तोंडं

दोर मध्येच अडकला. निंगव्वानं दोन्ही हातांनी तो खाली ओढून पाहिला, जरा तिरका धरून हिसका दिला, तरी हलेना. गिरणीच्या गोऱ्या साहेबाच्या दिवाणखान्यातल्या भिंतीतल्या चुलीत ती वाकून उभी होती. डोक्याला जुनं फडकं, नाकातोंडावर पदर, आणि वरून बारीक काजळी सारखी झरत होती. दोराच्या मधोमध बोरीच्या काट्यांचा भारा बांधलेला. छपरावर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, मल्लप्पानं, भारा वर ओढायचा, मग दोर सैल सोडायचा, की निंगव्वानं तो खाली ओढायचा. असं वर-खाली करत धुराड्याच्या आतली वर्षभराची काजळी काट्यांनी खरवडून काढायची. एक हिसका म्हणजे ओढा, दोन हिसके म्हणजे सोडा. दोघांत एवढीच बोली ठरलेली.

तिनं दोन हिसके दिले. वरून दोर सुटायच्या ऐवजी आणखी ताणला गेला आणि तिच्या तळव्यांची सालं निघाली.

नवऱ्याला हाक मारून उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं. पण कळ एवढी आली की मान वर करून ती ओरडलीच, "सोडा की वो! सोडा म्हनते न्हवं! हात सोलला माजा!"

दोर एकदम ढिला पडला. काट्यांचा भारा, पारव्यांच्या घरट्याच्या काड्या आणि टोपलीभर काजळी तिच्या अंगावर कोसळली. ती खोकत खोकत बाहेर सरकली. धूळ खाली बसल्यावर पुन्हा आत वाकून तिनं वर पाहिलं. धुराड्याच्या पार टोकाला आभाळाचा हाताच्या पंजाएवढा चौकोन दिसायचा. आता त्या चौकोनात मल्लप्पाचं मुंडासं होतं. दोर का अडकला ते बघायला त्यानं डोकं खांद्यापर्यंत आत घातलं होतं.

"निंगव्वा," वरून आवाज आला, अगदी सावकाश, "एवढं ओरडू नगो. ऐकू येतंय मला."

ती तशीच वाकलेली राहिली.

मल्लप्पाला ऐकू येत नव्हतं, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तो दुधनीकडचा, गवंड्याचा मुलगा. सोलापूरच्या गिरणीत मागावर लागला तेव्हा चांगला कानाचा तिखट होता. मागखात्यात शेकडो माग एकदम खडखडायचे. तिथं माणसं एकमेकांशी बोलत नसत, हातवारे करत. पहिल्या काही वर्षांत घरी आल्यावर त्याच्या कानात रातकिडे किर्रर्र करत. मग माणसांचे आवाज बारीक होत गेले, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखे. मग बायकांचे आवाज गेले. मग पाखरांचे. शेवटी गिरणीचा भोंगासुद्धा त्याला शेजारचा माणूस उठला की कळायचा. मागावरून काढून त्याला इमारतींच्या कामावर घातलं. बापाचं काम हातात होतंच. चुना, विटा, गिलावा, साहेबलोकांच्या बंगल्यांची डागडुजी. निंगव्वाला त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून घेतलं, कारण मिस्त्रीनं सांगितलेलं त्याला खुणांनी समजावणारं कुणीतरी हवंच होतं.

काम निघायचं. राहून जायचं ते बाकीचं. चाळीत त्यांच्या आणि शेजारच्या खोलीत नुसता तट्ट्याचा आडोसा होता. मीठ संपलं हे नवऱ्याला कळेपर्यंत तिसऱ्या घरची बाई वाटीत मीठ घेऊन दारात यायची. लोक हसायचे, तीही हसायची. पण हळूहळू तिनं ओरडून सांगता येईल तेवढंच सांगायचं ठेवलं. जेवा. पानी आलं न्हाय. पावनं आल्यात. आणि मल्लप्पाही बोलेनासा झाला. स्वतःचा आवाज त्याला कळत नसे. साधं काही विचारायला गेला तरी भांडल्यासारखा मोठ्यानं निघायचा आणि चाळीतली पोरं त्याची नक्कल करायची. दिवस दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

तो माणूस आता वरून म्हणत होता, ओरडू नको.

"काय म्हनला?" निंगव्वानं विचारलं. मुद्दामच विचारलं, आणि न ओरडता, साध्या आवाजात.

"म्हनलं, ऐकू येतंय." मग जरा थांबून, "माजं मला बी ऐकू येतंय की. अजून बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल."

एवढ्या वर्षांचं साठलेलं, आणि बोल म्हटल्यावर निंगव्वाला एक शब्द आठवेना. सणासुदीला सिद्धेश्वराच्या गाभाऱ्यापुढं उभी राहिली की तिचं असंच व्हायचं; मागायचं ते सगळं विसरून जायची.

"अंबाडीची भाजी केल्या सकाळी," ती म्हणाली. "डब्यात हाय."

वरून काहीच आलं नाही. चौकोनातलं मुंडासं हललंही नाही. तिला वाटलं, संपलं. क्षणभराचं काहीतरी होतं, गेलं.

"लसूण घातलास?" वरून आवाज आला.

"घातला की!" ती म्हणाली आणि तिथंच, काजळीच्या ढिगात, फतकल मारून बसली.

बंगल्याचा बटलर महिपती दाराशी आला. जाडजूड, मिशाळ, कुणाशी गोड न बोलणारा. "काय बसलीस गं बाई? मॅडमसाहेब चारला चहाला बसतात हितं. धुराडं झालं का न्हाय?"

"झालंच वो," ती गडबडीनं उठली.

काम उरकलं. मल्लप्पा खाली उतरला, चुलीच्या मागच्या भिंतीच्या दोन फुटलेल्या विटा काढून त्यानं नव्या बसवल्या, सांधे भरले. मग धूर नीट ओढला जातोय का हे बघायला निंगव्वानं कडब्याची चूड पेटवून चुलीत धरली. धूर आधी बाहेर यायला बघायचा, मग कुणीतरी हात धरून नेल्यासारखा आत वळायचा आणि सरळ वर जायचा. दरवर्षी दोघं हे बघत. या वेळी मल्लप्पाचं धुराकडं लक्ष नव्हतं. तो निंगव्वाच्या तोंडाकडं बघत होता.

घरी जाताना गिरणीच्या उंच चिमणीखाली तो थांबला. मान पार मागं टाकून टोकापर्यंत नजर नेली. मग निंगव्वाकडं बघून वर बोट दाखवलं आणि हसला. त्या केवढ्या मोठ्या चिमणीतून केवढं ऐकू येईल, असं त्याला म्हणायचं असावं. तो हसलेला तिनं फार दिवसांनी पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुठून तरी पोकळ बांबू आणला, आतल्या गाठी तापल्या सळईनं फोडल्या आणि एक टोक कानाला लावून दुसरं तिच्या तोंडाशी धरलं. ती बोलली. त्यानं मान हलवली. पुन्हा बोलली. नुसतं घूं घूं, शब्द नाही. पत्र्याची नळी करून पाहिली, त्यातही तेच. तोवर चाळीतली माणसं दारात गोळा झाली होती. कुणी म्हणालं, मल्लप्पा बासरी शिकतोय. त्यानं बांबू चुलीत घातला. काय होतं ते त्या धुराड्यातच होतं. त्या जाड दगडी भिंतीत, त्या अरुंद उंच पोकळीत आवाज वर चढताना दुपटीनं भरत जायचा आणि माणसाच्या डोक्याभोवती चहूकडून यायचा. कानानं ऐकू येत नाही, असं मल्लप्पा पुढं कधीतरी म्हणाला, छातीतनं येतं.

पण बंगल्यात कामाशिवाय पाय ठेवता येत नव्हता, आणि काम वर्षातून एकदा. दिवाळी झाली की धुराडं साफ करायचं. संक्रांतीनंतर, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा पांगली की चूल विझायची. सोलापुरात थंडी ती केवढी! पण साहेबाची बायको तेवढ्या दिवसांत रोज संध्याकाळी बाभळीची लाकडं पेटवून समोर खुर्ची टाकून बसायची.

"काय शिजवत्यात त्याच्यावर?" निंगव्वानं एकदा महिपतीला विचारलं होतं.

"काय न्हाय."

"मग?"

"बघत बसत्यात."

ज्या चुलीवर काही शिजत नाही, तिच्याकडं नुसतं बघत बसायचं, याचं तिला मोठं नवल वाटायचं. आता वाटेनासं झालं.

वर्षभर निंगव्वा मनात बोलणं जमवत राहिली. दळताना, चुना कालवताना, नळावर घागर भरताना. हे सांगायचं, ते सांगायचं. भावकीतल्या लग्नात जाऊबाई काय बोलली ते. आपल्याला त्याचा कधी कधी राग येतो ते. आणि त्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, तिच्यापाशी मन गेलं की ती दुसरंच काही आठवायची.

पुढल्या दिवाळीनंतर ते पुन्हा बंगल्यावर गेले. मल्लप्पा शिडीवरून छपरावर चढला तो जवळजवळ पळतच. निंगव्वानं चुलीतली राख काढली, दोर घेतला, वर पाहिलं. चौकोन लख्ख निळा होता. मग तो झाकला गेला.

"हायस का?"

"हाय."

तिला वाटलं होतं, आपण सुरू करायचं. पण तोच बोलला. वर्षभर त्यानंही काही जमवलं होतं, आणि त्याचं एकच वाक्य होतं.

"दानव्वाचं सांग," तो म्हणाला. "त्या दिवशी काय झालतं, ते सांग."

निंगव्वाच्या हातातला दोर सुटला.

दानम्मा त्यांची एकुलती मुलगी. लाडानं दानव्वा. पहिल्या महायुद्धाची लढाई संपायच्या सुमाराला मानमोडीच्या तापाची साथ आली, घरटी माणूस नेत फिरली, त्यात ती गेली. सहा-सात वर्षांची होती. त्या सकाळी ताप उतरल्यासारखा झाला होता, उठून बसून घोटभर पेज प्याली, म्हणून मल्लप्पा कामावर गेला. सुट्टी होऊन आला तेव्हा दारात माणसं उभी होती. तेव्हा त्याला अर्धवट ऐकू यायचं. शेजारची म्हातारी त्याच्या कानाशी ओरडली होती, "सारखी अप्पा अप्पा करत व्हती रं!" एवढंच त्याच्या कानात गेलं. त्यानंतर कान पुरते गेले, आणि ते एक वाक्य आत राहिलं.

निंगव्वानं त्याला पुढचं कधी सांगितलं नाही. आधी दोघांनाही तोंड उघडवेना. मग तो पार बहिरा झाला. आणि ती गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती. तट्ट्यापलीकडच्या माणसांनी ऐकावी अशी नव्हती. एका कानातून दुसऱ्या कानात जायची गोष्ट होती ती.

"सांग की," वरून आवाज आला. "मला ठाव हाय, हाका मारत मारत गेली. तरी सांग."

"न्हाय," निंगव्वा म्हणाली. "तसं न्हाय झालं."

ती चुलीच्या आत पुरती शिरली, उभी राहिली. तिचं डोकं आणि खांदे धुराड्यात गेले. भोवती अंधार, काजळीचा वास, आणि वर तो झाकलेला चौकोन.

"दुपारी ताप चढला परत. लई चढला. अप्पा कुटं, अप्पा कुटं, असं चाललं व्हतं तिचं, ते खरं हाय. शेजारनीनं तेवढंच ऐकलं. ती मग पानी आनायला गेली. मी एकटीच व्हते. तेवढ्यात भोंगा वाजला. तिनं डोळं उघडलं. म्हनली, अप्पा आला."

वर काही हललं नाही.

"मी म्हनलं, येतोय गं, वाटंत हाय. तर म्हनली, आलाय की, हे काय. आन् माजाच हात धरला. माज्याकडंच बघत व्हती, पर तिला तुमी दिसत व्हता. हसत व्हती वो. मग मला काय सुचंना. मी... मी आवाज जाड केला. म्हनलं, व्हय गं बाळा, आलो."

ती थांबली. धुराड्यात तिच्या शब्दांची घरघर जरा वेळ राहिली, मग निवली.

"म्हनली, अप्पा, हात किती गार पडलाय तुजा. मी म्हनलं, भाईर वारं हाय. तर म्हनली, माज्या पोटावर ठेव, हितं ऊन हाय. सोताच वडला हात, पोटावर ठेवून घेतला, आन् वर तिचं दोनी हात ठेवलं. मग झोपली. तशीच गेली. मी हात काढला न्हाय बराच वेळ."

दूर मागच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली. मग तेही थांबलं.

"वाट बघत न्हाय गेली ती," निंगव्वा म्हणाली. "तुमाला भेटून गेली."

वरून काजळीचे बारीक कण तिच्या कपाळावर पडत होते. ती पुसत नव्हती. आपण मरणाऱ्या पोरीपुढं तिच्या बापाचं सोंग घेतलं, हे त्याला कसं वाटेल, याची तिला इतकी वर्षं भीती होती. ती आता नव्हती. आता सगळं वर गेलं होतं. धूर गेल्यावर चूल रिकामी होते, तशी ती रिकामी झाली होती.

"कसा काढलास?" मल्लप्पाचा आवाज आला. घोगरा, ओळखू न येणारा.

"काय?"

"आवाज. काढ बरं."

निंगव्वानं डोळे मिटले. श्वास घेतला. आणि तशाच जाड, खालच्या आवाजात ती म्हणाली, "व्हय गं बाळा, आलो."

तो आवाज त्या दगडी पोकळीत फुगला, भिंतींना घासत वर चढला. तिचा तिलाच काटा आला. बाईचा आवाज राहिला नव्हता तो.

वरून उत्तर आलं.

"माजाच हाय," मल्लप्पा म्हणाला. "माजाच आवाज हाय, निंगव्वा. असाच व्हता माजा."

ती चुलीतून बाहेर आली तेव्हा दारात महिपती उभा होता. हातात चांदीचा ट्रे, ट्रेवर चहाची भांडी. तो कधीपासून उभा होता हे तिला कळलं नाही. त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. तो काही बोलला नाही. ट्रे घेऊन तसाच मागं वळला, आणि व्हरांड्यातून त्याचा आवाज आला. मॅडमसाहेबांना तो आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगत होता की धुराडं यंदा फार खराब आहे, आज चहा बाहेरच घ्यावा लागेल, आणि उद्यासुद्धा काम चालेल.

त्यानंतर दरवर्षी ते धुराडं फार खराब व्हायला लागलं. महिपतीच तसं सांगायचा. एका दिवसाचं काम दोन दिवस चालायचं, कधी तीन. साहेबाची बायको एकदा आत डोकावून म्हणाली, तिच्या माहेरीसुद्धा इतकं स्वच्छ धुराडं तिनं पाहिलेलं नाही. महिपतीनं ते दोघांना सांगितलं तेव्हा निंगव्वा पदरात तोंड घालून हसली.

काट्यांचा भारा वर-खाली व्हायचा आणि त्याबरोबर बोलणंही. सगळंच काही मोठं नसायचं. जाऊबाईचं झालं. मल्लप्पानं आपल्या आईच्या हातच्या शेंगाचटणीची चव सांगितली. मागावर असताना एकदा सूत नेणारा धोटा उडून कपाळाला लागला होता, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. तिनं त्याला राग सांगितला. तो म्हणाला, मला बी येतो की. एका वर्षी तर दोघं भांडली. तो वरून आणि ती खालून, मनसोक्त, आणि घरी जाताना दोघांनाही हलकं वाटत होतं. त्या दोन-तीन दिवसांत मल्लप्पा माणसासारखा बोलायचा, तो बोलायचा गुण मग महिना-दोन महिने टिकायचा. चाळीत लोक म्हणायचे, थंडीत मल्लप्पाला वाचा फुटते.

दानव्वाबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. एकदाच, सगळं आवरल्यावर, चूड पेटवून धूर बघताना मल्लप्पानं शांतपणे आपला हात आपल्या पोटावर ठेवला. निंगव्वानं पाहिलं. बस्स.

मग साहेबाची मुदत संपली. सामानाच्या पेट्या स्टेशनावर गेल्या, आणि बंगल्यात गिरणीचे नवे अधिकारी आले, पुण्याकडचे. त्यांच्या बाईसाहेब सुस्वभावी होत्या; निंगव्वाला त्यांनी पहिल्याच दिवशी चहा दिला. पण दिवाणखान्यातलं ते काळं भगदाड त्यांना बघवेना. पारवे येतात, पावसाचं पाणी येतं, एखादं जनावर उतरलं तर? त्यांनी ते बुजवून टाकायला सांगितलं. महिपतीनं सांगून पाहिलं की थंडीत बरं पडतं. त्या म्हणाल्या, "अहो, सोलापुरात कसली आलीय थंडी!" त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

काम मल्लप्पाकडंच आलं. मिस्त्री सांगत होता आणि निंगव्वा खुणांनी नवऱ्याला समजावत होती. तळहात आडवा धरून वर झाकण. बोटांनी विटांचे थर. मल्लप्पा बघत राहिला. त्याला पहिल्या खुणेलाच कळलं होतं, तरी त्यानं तिला सगळ्या खुणा पुऱ्या करू दिल्या.

आधी वरचं तोंड बंद करायचं, मग खालून वीटकाम. शहाबादी फरशीचा तुकडा तो दोराला बांधून छपरावर घेऊन गेला. निंगव्वा चुलीत जाऊन उभी राहिली. या वेळी दोर नव्हता, काटे नव्हते, डोक्याला फडकंही तिनं बांधलं नव्हतं.

चौकोन झाकला गेला.

"हायस?"

"हाय."

"काय ऱ्हायलंय का सांगायचं?"

तिनं विचार केला. "न्हाय. समदं सांगून झालं."

"असंल काय तरी. बघ."

निंगव्वा वर बघत राहिली. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं, मुंडाशाची कड तेवढी उजळलेली. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात, डोहाळजेवणात उखाण्यात अडवून घ्यायला लावलं तर तेवढंच. एरवी नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं असं तिच्या आईनं तिला लहानपणापासून सांगितलेलं. आयुष्य! ज्याला कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, त्या माणसाला शेवटची नावानं हाक कधी ऐकू आली असेल?

"मल्लप्पा," ती म्हणाली.

तिचा आवाज वर गेला. तिला तो जाताना कळला, हातातून पाखरू सुटावं तसा.

"ओ," वरून आलं. आईनं अंगणातून हाक मारल्यावर पोर देतं तसं.

"मल्लप्पा," ती पुन्हा म्हणाली.

"ओ."

"मल्लप्पा."

या खेपेला लगेच ओ आली नाही. मग तो म्हणाला, "पुरं आता. भरलं पोट." आणि त्यानं डोकं काढलं. एकदम उजेड तिच्या डोळ्यांवर आला. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला, उजेडाची एक बाजू कापली गेली, मग चिंधीएवढा उरला, मग दोऱ्याएवढा. मग काहीच नाही. वर चुना थापल्याचा मऊ आवाज तेवढा बराच वेळ येत होता. काम त्यानं मन लावून केलं असणार. पाण्याचा थेंब आत जायचा नाही.

तो खाली आला. निंगव्वानं विटा दिल्या, त्यानं लावल्या. एक थर, दुसरा थर. शेवटची वीट बसवायच्या आधी दोघांनीही त्या फटीतून आत पाहिलं नाही. गिलावा सुकून रंग बसला की तिथं कधी चूल होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं, अशी भिंत त्यानं सारखी केली. बाईसाहेब म्हणाल्या, "छान झालं हो." निंगव्वानं खुणेनं त्याला ते सांगितलं. त्यानं हात जोडले.

उन्हं उतरली तेव्हा दोघं बंगल्याच्या फाटकातून बाहेर पडली. रस्त्यानं गडी पुढं आणि बाई चार पावलं मागं, हीच सगळ्यांची रीत होती; तीही दोघं आजवर तशीच चालत आली होती. फाटकाबाहेर थोडं गेल्यावर मल्लप्पा थांबला. निंगव्वाला वाटलं, थापी विसरली. पण तो मागं वळला नाही. ती त्याच्या बरोबरीला येईपर्यंत उभा राहिला, आणि मग तिच्या शेजारून चालू लागला. समोरून सुटलेल्या पाळीची माणसं येत होती. काहींनी वळून बघितलं. तो कुणाकडं बघत नव्हता, तिच्या तोंडाकडं बघत होता.

निंगव्वाला कळलं, त्याला काय हवंय ते. तिनं रस्त्याकडं एकदा पाहिलं, डोक्यावरचा पदर जरा मागं सारला आणि तोंडातून आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "दमलाय?"

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. ओठांवरची नजर न काढता पुटपुटून पाहिलं. "आमटी?"

ती हसली. नाही म्हणून मान हलवली. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांत, भर रस्त्यात त्याच्यासमोर थांबून, तिनं तोच शब्द पुन्हा एकदा सावकाश म्हटला.